दोनदा पडलेला सोडा

सोडा घातला की मोठ्याने ओरडायचं, असा त्या स्वयंपाकघरात नियम होता. घालणारीने "सोडा पडला!" म्हणायचं आणि दुसरीने, मग ती गच्चीवर असो की न्हाणीघरात, "पडला!" असं उत्तर द्यायचं. उत्तर येईपर्यंत पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही. थोरलीचा नवरा हे ऐकलं की पेपराच्या आडून विचारायचा, "कोणाची विकेट पडली?" आणि स्वतःच हसायचा. दोघी जावा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

नियम थोरलीने केला होता. ती अकरा वर्षं औषधांच्या दुकानात काम करत होती आणि ग्रॅमची चूक तिला पाहुण्यासमोर फाटका पडदा दिसावा तशी लागायची. साबण म्हणजे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. वास आणि रंग हे नंतरचे लाड. तेल कमीजास्त झालं तर वडी मऊ होईल, फार तर हसं होईल. सोडा जास्त झाला तर मात्र तो साबण राहत नाही, कातडी खाणारी वस्तू होते. शिवाय हा सोडा पाण्यात विरघळला की दिसत नाही. पातेल्यात बघावं तर नुसतं पाणी. म्हणून ओरडायचं.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला दोघी टेबलाशी बसून वड्या कागदात गुंडाळत होत्या. आठ संत्र्याच्या, आठ लव्हेंडरच्या. नणंदेच्या बाळंतपणात ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्या सगळ्यांना भेट द्यायच्या होत्या: दवाखान्यातल्या नर्सेस, पहाटे गाडी काढणारे शेजारी, डॉक्टरीणबाई. नणंदेला घरात सगळे चिमी म्हणत. आता तिलाच सात आठवड्यांची मुलगी होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. तिच्या वाट्याची लव्हेंडरची वडी थोरलीचा नवरा सकाळीच कामावर जाता जाता द्यायला घेऊन गेला होता. उरलेल्या सात टेबलावर होत्या.

"ह्या लव्हेंडरच्या कडा बघा ताई, कशा तुटल्यात," धाकटी म्हणाली. ती घरीच कपडे शिवायची आणि तिचे हात चालत असले की तोंडही चालायचं. "अबोल्यातला साबण. रुसलाय तोसुद्धा."

थोरली हसली. अबोला संपून आता महिना होऊन गेला होता, त्यामुळे हसायला हरकत नव्हती. पण तो नऊ दिवस चालला होता आणि अबोला हे काही येरागबाळ्याचं काम नाही. एकाच ओट्यावर दोन बायकांनी नऊ दिवस स्वयंपाक करायचा, मीठ संपलं तर भिंतीला सांगायचं, आणि नवऱ्यांनी मधल्या मध्ये निरोप्यासारखं धावायचं. कारण होतं सासूबाईंची खोली. सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे राहायला गेल्या आणि आठवडाभरातच धाकटीला त्या खोलीत शिलाई मशीन दिसायला लागलं, थोरलीला मुलीचं अभ्यासाचं टेबल. त्यावरून जे काय बोलायचं ते बोलून झाल्यावर दोघींनी तोंडाला कुलूप लावलं. सासूबाई परत आल्या तर झोपतील कुठे, हे मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

आणि साबण नेमका त्याच दिवसांत करावा लागला, कारण वडी मुरायला सहा आठवडे लागतात आणि भेटीचं चिमीला कबूल केलेलं होतं.

"तरी मी म्हणते, त्या दिवशी मी किती शहाण्यासारखी वागले," धाकटी सुतळीची गाठ मारत म्हणाली. "संत्र्याचं तुम्ही सगळं उरकलंत आणि लव्हेंडरचं पाणी नुसतं झाकून ठेवून गच्चीवर निघून गेलात. मला वाटलं, आता हा संप आहे. मग मी काय, हू की चू न करता सत्तर ग्रॅम मोजला आणि टाकला. म्हटलं, नंतर टोमणा नको ऐकायला, की एक काम धड करत नाही."

थोरलीच्या हातातला कागद तसाच राहिला.

"काय टाकलंस?"

"सोडा. अजून काय टाकणार?"

"लव्हेंडरच्या पाण्यात?"

"हो."

"अगं, सोडा मी घातला होता," थोरली म्हणाली. "घालून, विरघळवून, गार व्हायला झाकून ठेवला आणि मग गच्चीवर गेले."

धाकटी आधी हसली. मग तिचं हसू ओठांवरून हळूहळू उतरलं.

"तुम्ही ओरडला नाहीत."

"तू तरी कुठे ओरडलीस?"

थोरलीला तो दिवस लख्ख आठवला. तासाभराने ती गच्चीवरून खाली आली तेव्हा पातेल्याला हात लावून तिला नवल वाटलं होतं, की अजून गरमच कसं? तिने खिडकी उघडली, अजून अर्धा तास थांबली. मिश्रण घोटताना नेहमीपेक्षा फार लवकर घट्ट झालं. सुरी लावली तर वडीचे कोपरे खडूसारखे तुटले. वर पांढरी भुकटी आली, ती तर कधीकधी चांगल्या साबणावरही येते, म्हणून तिने कपड्याने पुसून टाकली. चार खुणा समोर उभ्या होत्या आणि अकरा वर्षं औषधं मोजणाऱ्या बाईला एकही दिसली नाही, कारण तिचं सगळं लक्ष धाकटीने भांडं किती जोरात आपटलं याकडे होतं.

साबण बरोबर झाला की नाही बघायची एक पद्धत असते. वडीला ओलं बोट लावायचं आणि ते जिभेच्या टोकाला टेकवायचं. चांगल्या साबणाची नुसती साबणासारखी चव लागते. थोरली दर वेळी हे करायची. या वेळी वड्या कपाटातून काढून थेट गुंडाळायला घेतल्या होत्या, कारण चिमीने दोनदा फोन करून विचारलं होतं.

तिने लव्हेंडरच्या एका वडीचा कागद सोडला, बोट ओलं करून तिच्यावर घासलं आणि जिभेला लावलं.

विजेच्या तारेला जीभ लागावी तसा झटका बसला. ती नळाकडे धावली आणि तोंडात पाणी घेऊन थुंकत राहिली. जिभेचं टोक बधीर होऊन जळत होतं. एवढंसं बोट, एवढासा ठिपका.

"ताई," मागून धाकटीचा आवाज आला. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "चिमीताईंना दिलेल्या वडीवर तुम्ही काय लिहिलंय?"

थोरलीला ते पाठ होतं. तिच्याच वळणदार अक्षरात होतं. संत्र्याच्या वड्यांवर नुसतं 'घरी केलेला' होतं. चिमीच्या चिठ्ठीवर तिने जरा मिरवून लिहिलं होतं: 'घरी केलेला. कसलंही रसायन नाही. बाळालाही चालेल.'

ती ओट्याला धरून उभी राहिली.

फोन धाकटीने लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बाळ झोपतं म्हणून चिमी फोनचा आवाज बंद करून कुठेतरी टाकून द्यायची. घरातले सगळे तिला यावरून बोलायचे. सासूबाईंचा फोन बहुतेक वेळा पर्समध्ये आणि पर्स कपाटात. चिमीचा नवरा कामासाठी परगावी होता. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर कोणाकडेच नव्हता.

थोरलीने नवऱ्याला लावला.

"वडी दिलीस?"

"दिली की. आठ वाजता. चहासुद्धा प्यालो."

"काय म्हणाली चिमी?"

"खूश झाली. चिठ्ठी वाचून दाखवली आईला. म्हणाली, दहाला बाळाची आंघोळ असते, आज हाच काढते. का गं?"

थोरलीने भिंतीवर बघितलं. दहाला अठरा मिनिटं कमी होती. चिमीचं घर टॅक्सीने पंचवीस मिनिटांवर.

"का गं? काय झालं?" फोनमधून नवरा विचारत होता.

"तू चिमीला फोन लावत राहा," ती म्हणाली. "उचलला तर सांग, साबणाला हात लावू नकोस. बाळाला तर नाहीच नाही. पुढचं विचारू नकोस, लावत राहा."

दोघी घरातल्याच चपलांनी खाली उतरल्या. टॅक्सी लगेच मिळाली, तेवढं एक बरं झालं. धाकटीने पत्ता सांगितला आणि वर म्हणाली, "दादा, जरा लवकर घ्या हो, लहान बाळ आहे." टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं, दोघींकडे बाळ नव्हतं. पण त्यांचे चेहरे बघून त्याने काही विचारलं नाही आणि गाडी दामटली.

थोरलीच्या डोळ्यांसमोर आता एकच गोष्ट होती आणि ती काही केल्या हलत नव्हती. बाळाची मान. सात आठवड्यांच्या बाळाच्या मानेला तीन घड्या असतात आणि आंघोळ घालणारी बाई त्या घड्यांमध्ये बोट घालून साबण लावते, कारण दूध तिथेच साचतं. मग काखा. मग मांड्यांच्या घड्या. आणि शेवटी डोकं, तिथून फेस ओघळतो तो डोळ्यांत. दुकानात एकदा एक बाई आली होती, हातावर नाली साफ करायची पावडर सांडलेली. तो हात थोरलीने पाहिला होता. मोठ्या, राबलेल्या बाईचा हात होता तो.

"कदाचित काढला नसेल," धाकटी म्हणाली. "कागद छान दिसतो म्हणून ठेवून दिला असेल. लोक ठेवतात ना."

"चिमी ठेवणारी आहे?"

चिमी लहानपणापासून भेटीचा कागद दाराशीच फाडणारी होती.

सिग्नल लागला. समोर एक म्हातारे गृहस्थ सावकाश रस्ता ओलांडत होते. त्यांचा काही दोष नव्हता, तरी थोरलीला त्यांचा इतका राग आला की तिची तिलाच भीती वाटली. धाकटी फोन कानाला लावूनच बसली होती. रिंग वाजायची, थांबायची. ती पुन्हा बटण दाबायची.

"माझ्यामुळे झालं," धाकटी एकदम म्हणाली. "मी तोंडाने विचारलं असतं, 'घातला का' म्हणून, तर काय जीभ झडली असती?"

"मी सांगितलं असतं तर माझी झडली असती?"

"पण तुम्ही तुमचं काम बरोबर केलंत."

"चिठ्ठी मी लिहिली," थोरली म्हणाली. "बाळालाही चालेल, असं मी लिहिलंय. तू नाही."

धाकटीने तिचा हात धरला. घाबरलेल्या माणसाचा हात असावा तसा तो थंड आणि ओला होता, आणि थोरलीचाही तसाच होता. कोणी कोणाला धीर द्यायचा, असा प्रश्न होता. दहा वाजले. दहा वाजून चार मिनिटं झाली. थोरली मनातल्या मनात म्हणत होती, पाणी तापायला उशीर झाला असेल. बाळ दूध पीत असेल. कोणी पाहुणे आले असतील. कधी नव्हे ते चिमीकडे एखादा कंटाळवाणा पाहुणा येऊन बसावा, असं तिला कळकळीने वाटलं.

टॅक्सी थांबली. पैसे किती दिले हे धाकटीने बघितलं नाही. चिमीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर थोरलीला बाळाचं रडणं ऐकू आलं.

साधं रडणं नव्हतं. श्वास कोंडून, मग एकदम फुटून, किंचाळत चाललेलं रडणं. थोरलीचा एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या पायरीवर, आणि तिला पुढे जाताच येईना. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला मागे फिरून पळून जावंसं वाटलं. वर काय बघायला मिळेल ते बघायचं धैर्य तिच्यात नव्हतं. धाकटीने तिला पाठीमागून ढकललं तेव्हा ती चढली.

दार चिमीने उघडलं. तिच्या खांद्यावर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ होतं आणि ते बेंबीच्या देठापासून रडत होतं.

"वहिनी? तुम्ही दोघी? अशा कशा आलात?"

"आंघोळ झाली?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"कुठली आंघोळ! हिचे कपडे काढून बसलोय दोघी पंधरा मिनिटं, आई बाथरूममधून बाहेरच येत नाही. हिला भूक लागलीय, थंडी वाजतीय, घर डोक्यावर घेतलंय हिने."

थोरलीने टॉवेल बाजूला केला. चिमी "अहो वहिनी" म्हणाली, पण तिने ऐकलं नाही. मान बघितली, तिन्ही घड्या. काखा बघितल्या. सगळं कोरडं होतं, गुलाबी होतं, धडधाकट होतं, आणि भुकेने संतापलेलं होतं. थोरलीच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. मग चिमीचं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं.

"आई बाथरूममध्ये काय करतायत?"

सासूबाई नळाखाली दोन्ही हात धरून उभ्या होत्या. पाण्याची धार बारीक होती. हातांचे पंजे आणि कोपरापर्यंतचा भाग लालभडक झाला होता आणि उजव्या अंगठ्यापाशी कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. लव्हेंडरची वडी खाली फरशीवर पडलेली होती. बाथरूमभर छान वास सुटला होता.

"तुम्ही आलात होय," त्या म्हणाल्या, जणू भाजी आणायला गेलेल्या सुना परत आल्या. "दार लोटून घे. चिमीला ऐकू जायला नको."

धाकटीने दार लोटलं. थोरलीने नळ पूर्ण सोडला आणि सासूबाईंचे हात धारेखाली नीट धरले. सोड्याच्या पुड्यावर छापलेलं असतं, पाणी, नुसतं पाणी, निदान वीस मिनिटं. तिने घड्याळ बघितलं.

"आई, हे कधी झालं?"

"झाला असेल अर्धा तास. बाळाला लावायच्या आधी मी स्वतःला लावून बघते, काहीही असलं तरी. तेल असो, पावडर असो. तुझ्या नवऱ्यालासुद्धा तसंच वाढवलंय." त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, कळ आली असावी. "चांगला कोपरापर्यंत चोळला. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग आग व्हायला लागली. पुसलं तर जास्तच."

"मग हाक का नाही मारलीत?"

"हाक मारून काय सांगू? वहिनींचा साबण असा निघाला म्हणून?" त्या म्हणाल्या. "तिला मी गरम पाण्याने भाजलं म्हणणार आहे. तुम्हीही तेच म्हणा. माहेरच्या माणसांवरचा भरवसा गेला की पोरीला दुसरं कोण आहे?"

धाकटी दाराला टेकून रडत होती, आवाज न करता.

"पण असं झालं कसं?" सासूबाईंनी विचारलं. "तू तर काट्यावर तोलून करतेस."

"सोडा दोनदा पडला. एकदा माझ्याकडून, एकदा हिच्याकडून."

"विचारलं नाहीत एकमेकींना?"

"बोलत नव्हतो आम्ही."

"कशावरून?"

बाहेर बाळाचं रडणं थांबलं होतं. चिमीने दुधाला घेतलं असावं. नळाच्या पाण्याचा तेवढा आवाज होता. टॅक्सीत थोरलीला जितकी भीती वाटली होती त्याहून वेगळी, पण तितकीच भीती तिला आता वाटली. काहीतरी साधं कारण सांगता आलं असतं. स्वयंपाकावरून, पाण्याच्या मोटारीवरून. सासूबाईंनी खरं मानलं असतं. पण त्यांचे भाजलेले हात तिच्या हातात होते.

"तुमच्या खोलीवरून," ती म्हणाली. "हिला मशीन ठेवायचं होतं. मला टेबल."

सासूबाईंनी हात काढून घेतले.

धार नुसती बेसिनमध्ये पडत राहिली. त्यांनी हात छातीशी धरले, पदराला पाणी लागू न देता, आणि आरशाखालच्या फळीकडे बघत राहिल्या. तिथे त्यांचं स्वतःचं काही नव्हतं; लेकीचे ब्रश, लेकीच्या बाटल्या.

"मी पुढच्या महिन्यात यायचं म्हणत होते," त्या म्हणाल्या.

"या ना, आई," धाकटी म्हणाली. "आम्ही काही ठेवलं नाही तिथे. खोली तशीच आहे."

"तशीच आहे ती तुमचं एकमत झालं नाही म्हणून."



दार ढकललं गेलं. चिमी आत डोकावली, बाळ छातीशी. तिने आईचे हात बघितले आणि तिचा चेहरा उतरला. "आई! हे काय झालं?"

"काही नाही गं. गरम पाणी..."

"गरम पाणी नाही," थोरली म्हणाली. "माझा साबण. त्यात सोडा दुप्पट पडलाय. तो बाळाला लागला असता तर बाळाचं हे झालं असतं. तेच सांगायला आम्ही पळत आलो."

चिमीने खाली पडलेल्या वडीकडे बघितलं. मग आईच्या हातांकडे, मग थोरलीकडे. तिने बाळाच्या डोक्यावर हात धरला आणि एक पाऊल मागे सरकली. भांडली नाही, ओरडली नाही, नुसती सरकली. त्या घरात थोरली इतक्या वेळा आली होती, त्या बाळाला तिने दवाखान्यात सगळ्यांच्या आधी मांडीवर घेतलं होतं. ते एक पाऊल तिला लागलं आणि त्यात चिमीचं काही चुकलं असंही तिला म्हणता येईना.

"डॉक्टरांना फोन करते," चिमी म्हणाली आणि बाळाला घेऊन निघून गेली. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

थोरली नळाशी तशीच उभी होती. वीस मिनिटांतली जेमतेम पाच झाली होती आणि हात पाण्याबाहेर होते. ते पुन्हा धरायला मागायची तिची हिंमत होत नव्हती. तिने सासूबाईंकडे बघितलंही नाही. नुसता नळ चालू ठेवला आणि धारेखाली आपले रिकामे हात धरून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सासूबाईंनी उजवा हात पुढे केला.

"हा धर," त्या म्हणाल्या. "हा जास्त जळतोय."